कोरडी फडकी

भुरीनं मुहूर्त बरोबर साधला. कोकरांचा हंगाम भरात, गोठ्यात तीन मेंढ्या एकाच वेळी अडलेल्या, वारा असा की छपराचा एक पत्रा पहाटेपासून थाडथाड आपटत होता, आणि ही बाई नेमकी त्याच सकाळी गवताच्या गंजीमागं खड्डा उकरून धापा टाकत बसली.

भुरी आमची कुत्री. राखण करणारी म्हणायची तर ती एकटीच. आणखी दोन कुत्रे आहेत, पण ते वाऱ्यानं हललेल्या गोणपाटावरही भुंकतात आणि लांडगा आला की शेपूट घालून घरात शिरतात. भुरीचं पोट जड झालं म्हणून दहा दिवस तिला आत ठेवलं, तर त्या दहा दिवसांत लांडग्यानं आमची नऊ कोकरं नेली. वयही झालं होतं तिचं, नऊ वर्षं. हे तिचं शेवटचं बाळंतपण. यातून तिच्या वळणाची एक मादी हाती लागली तर कळप राहणार, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात मेंढ्या आम्ही पाळणार आणि पोट लांडग्याचं भरणार. घरातल्या तिघांनाही हे पक्कं ठाऊक होतं.

तिघं म्हणजे मी, आमचे हे आणि मामंजी. हे मेंढीचे मोठे जाणकार. पोटात आडवं आलेलं कोकरू ते डोळे मिटून वळवतात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांच्याहून मोठे जाणकार. गुडघे गेल्यापासून शेगडीजवळच्या खुर्चीत बसून जाणकारी करतात. दोन जाणकारांच्या घरात तिसऱ्या माणसानं फक्त पाणी तापवायचं असतं. वीस वर्षं मी ते तापवत होते.

त्या सकाळीही बादली घेऊन गोठ्याकडं निघाले होते. वाटेत भुरीकडं डोकावले. ती कळ देत होती, अंग ताणत होती, पण पिल्लाचा पत्ता नव्हता. शेपटीखाली गवतावर गडद हिरवं काहीतरी सांडलं होतं.

"अहो," मी गोठ्याच्या दारातून हाक मारली, "भुरीच्या खालून हिरवं येतंय."

ह्यांचा हात कोपरापर्यंत मेंढीत होता. मान न वळवता म्हणाले, "गवत खाल्लं असेल."

"खाल्लेलं गवत त्या वाटेनं येतं होय?"

"तू पाणी आण."

मी मामंजींकडं गेले. म्हटलं, डॉक्टरीणबाईंकडं न्यायला हवं. मामंजींनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. "सूनबाई, मेंढीला चार तास द्यावे लागतात. घाई करणाऱ्याच्या हाती मेलेलं कोकरू येतं."

"ही मेंढी नाही, मामंजी."

"चार पाय आहेत ना तिला?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी गेले आणि पाणी तापवलं.

चार तास दिले. मोजून दिले. तिन्ही मेंढ्या मोकळ्या झाल्या, त्यांची कोकरं उठून, धडपडून आचळाला लागलीसुद्धा, आणि भुरी आपली तशीच. आता तिनं कळ देणंही सोडलं होतं. मग हे हात धुऊन, बाह्या सरसावून तिच्यामागं बसले. बोट घालून म्हणाले, "शेपूट लागतंय. उलटं आलंय." आणि ओढलं. ज्या कुत्रीनं जन्मात घरच्या माणसावर दात काढला नव्हता, तिनं वळून ह्यांचा अंगठा फोडला.

"बघितलंत? ती पण सांगतेय," मी म्हणाले. ह्यांनी अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच चावले होते.

नशीब, त्याच वेळी कुंपणवाला आला. लांडगा शिरतो त्या बाजूची तार ओढून द्यायला त्याला बोलावलं होतं. भुरीचं एक पिल्लू त्याला कबूल केलेलं, त्यामुळं गाडीतून उतरताच त्याचं सुरू, "वहिनी, माझं पिल्लू कुठंय?"

"तुझं पिल्लू आत अडकलंय. गाडी वळव आधी."

भुरीला गोणपाटात घालून गाडीत चढवलं. मला जायचं होतं, पण दोन कोकरं थंडीनं काकडत होती, त्यांना शेगडीपाशी घेऊन चीक पाजायचा होता. मामंजींना ते उठून जमणारं नव्हतं. मी राहिले. तिथं मीच जायला हवं होतं, ही चुटपुट मला अजून आहे.

दिवस मावळताना गाडी परत आली. ह्यांच्या मांडीवर टोपली, टोपलीत ह्यांचाच स्वेटर, आणि स्वेटरात पाच पिल्लं. एवढीशी, मुठीत मावतील अशी, डोळे मिटलेली, ओठ गुलाबी. तीन नर, दोन माद्या. सहावं, अडकलेलं, आतच मेलं होतं. भुरीचं पोट फाडून काढावं लागलं, गर्भाची पिशवीही काढली. पाच दिवस तिला दवाखान्यातच ठेवणार होते.

हे सगळं मला कुंपणवाल्यानं सांगितलं. हे काही बोललेच नाहीत. त्याचं कारणही त्यानंच सांगितलं, आणि चवीनं सांगितलं. एक पिल्लू श्वास घेईना, तसं ह्यांनी ते मागच्या पायांना धरून कोकरासारखं गरागरा फिरवायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी हवेतच मनगट धरलं. "अहो, ठेवा खाली! डोक्याला इजा होईल त्याच्या!" बाहेर मांजरं-कुत्री घेऊन बसलेली सगळी रांग बघत होती. पोरसवदा बाई, ह्यांच्या निम्म्या उंचीची, तिनं पिल्लू काढून घेतलं, टॉवेलात चोळलं, आणि ते रडलं.

"ती मादी," कुंपणवाला म्हणाला. "ही बघा, पांढऱ्या नखांची."

"काय काय सांगितलं डॉक्टरीणबाईंनी?" मी ह्यांना विचारलं.

"दर दोन तासांनी पाजायचं. ऊब द्यायची. आणखी काय सांगणार? चारशे कोकरं पाजलीत मी." आणि दुधाच्या भुकटीचा डबा माझ्या हातात देऊन हे गोठ्यात गेले.

ऊब द्यायला आमच्याकडं काय कमी होतं? कोकरांचं खोकं होतं, गरम पाण्याच्या बाटल्या होत्या, जुन्या लुगड्याची मऊ फडकी होती. कोकराच्या बाटलीचं रबरी बोंड पिल्लाच्या तोंडात मावेना, म्हणून औषधाचा ड्रॉपर घेतला. बाकी सगळं कोकरासारखं. हे पिल्लाला उभं धरायचे, मान वर, तोंड आभाळाकडं, आणि थेंब थेंब सोडायचे. "मान वर असली की घोट सरळ उतरतो," मामंजी खुर्चीतून सांगायचे. मीही तसंच धरलं. मला तरी काय ठाऊक होतं?

पहिल्या रात्री आम्ही आळीपाळीनं उठलो. सकाळी खोकं साफ करायला गेले तर फडकी कोरडी. हात फिरवून पाहिला, खरंच कोरडी. मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. घरात कोकरांच्या लेंड्या, रक्ताच्या बादल्या, ह्यांचे कपडे. तेवढंच एक धुणं वाचलं म्हणून मी मनात देवाचे आभार मानले.

त्याच सकाळी एक नर गेला. रात्री पाजताना त्याच्या नाकातून दूध आलं होतं, मग छातीत घरघर, मग काही नाही. "अशक्तच होतं," हे म्हणाले. कुंपणाकडेला त्यांनी हातभर खड्डा खणला.

दुपारपासून उरलेली चार रडायला लागली. कोकरू रडतं ते आईला हाक मारतं, त्यात एक हक्क असतो. हे रडणं वेगळं, बारीक आणि एकसारखं, सुई टोचत राहावी तसं. पोटं टम्म झालेली. हात लावला की पाय ताठ करायची.

"भूक," मामंजी म्हणाले.

"मामंजी, पोट बघा की, टरटरलंय."

"वाऱ्याचं पोट आहे ते. उपाशी कोकराचंही असंच होतं. दूध वाढव."

ह्यांनी दूध वाढवलं. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना फोन तरी करा. तर म्हणे, प्रत्येक गोष्टीला फोन केला तर त्या म्हणतील, याला काहीच येत नाही. म्हणजे येतं असं त्यांना वाटत असल्यासारखं! मनगट धरल्याचं ते दुखणं अंगठ्यापेक्षा मोठं होतं, आणि त्याच्यावर मलमपट्टी माझ्याकडं नव्हती. फोन ह्यांच्या खिशात, नंबर ह्यांच्या फोनमध्ये, आणि हे गोठ्यात.

संध्याकाळी दुसरा नर गेला. रात्रभर मी उरलेल्या तिघांना पोटाशी धरून बसले. मामंजींना झोप लागेना, तेव्हा एकाला त्यांनी मागून घेतलं, मांडीवर घोंगडीत ठेवलं आणि पोटावरून अंगठा फिरवत बसले. ते म्हणायचे, कोकराला असं केलं की वारा सरतो. तो तपकिरी नर त्यांच्यापाशी गप्प झोपला. माझ्याकडच्या दोन्ही माद्या रडत राहिल्या. उजाडता उजाडता त्यातली एक माझ्याच हातात ताठ झाली. उरली पांढऱ्या नखांची.

आता मादी एकच. हे फावडं घेऊन बाहेर गेले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली आणि ओरडावंसं वाटलं.

मला राग आला की मी धुणं काढते. ते बरं असतं, आपटायला काहीतरी मिळतं. ह्यांचे तीन शर्ट काढले, गोणपाटं काढली, खोक्यातली फडकी काढली. फडकी नाकाशी नेली. दुधाचा वास. बस, दुधाचा. दोन दिवस चार-पाच तोंडं दूध पीत होती, आणि एकही फडकं ओलं नव्हतं.

माझी दोन मुलं आता शिकायला बाहेर आहेत. ती तान्ही होती तेव्हा दोरीवर लंगोट मावायचे नाहीत. एक दिवस लंगोट कमी निघाले तर माझ्या आईच्या तोंडचं पाणी पळायचं. आणि मी, दोन पोरांची आई, दोन दिवस कोरडी फडकी बघून खूश होत होते.

तरी पुढचं कळत नव्हतं. पिल्लांना लघवी होत नाही हे कळलं, पण का? तपकिरी तेवढा मामंजींपाशी गप्प झोपला होता, म्हणून त्यांची घोंगडी बघायला मी आत गेले. ती मांडीवर नव्हती. खुर्चीच्या मागं, लोकरीच्या पोत्याखाली खोचून ठेवलेली दिसली. ओढली तसे मामंजी गडबडले.

"राहू दे ती, सूनबाई. राहू दे म्हणतो ना."

घोंगडी ओली होती. मध्यावर, चांगली पसाभर. मामंजी खिडकीकडं बघायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढं मान वाकवली नाही, त्याचे कान लाल झाले होते. हळू आवाजात म्हणाले, "रात्री... कळलंच नाही मला. म्हातारपण, दुसरं काय. त्याला सांगू नकोस."

मी घोंगडी नाकाशी नेली. "मामंजी, हे तुमचं नाही."

"हं?"

"पिल्लाचं आहे. तुम्ही पोट चोळत होतात ना? चोळल्यावर झालं त्याला. म्हणून ते झोपलं!"

मामंजी माझ्याकडं बघतच राहिले. "म्हणजे माझं नव्हे?"

"नव्हे!"

"नक्की?"

"अहो मामंजी!"

मी पांढऱ्या नखांची उचलली. फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळलं. आता मला भुरी दिसत होती, मागच्या वेळची, पिल्लाला नाकानं उताणं पाडून दिवसभर मागून चाटत बसलेली. मी तिला हसायचे, शी म्हणायचे. काय बाई घाणेरडी कुत्री, असं म्हटलेलंही आठवतं. ती घाणेरडी नव्हती, ती काम करत होती.

मी पुसलं. पोटावरून खाली, जिभेच्या मापानं, हलक्या हातानं. काही नाही. पुन्हा पुसलं. पिल्लानं पाय ताणले, थरथरलं, आणि मग माझ्या तळव्यात पिवळी धार लागली. थांबेचना. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ गेला. मी रडत होते आणि हसत होते, आणि मामंजी काठी आपटत ओरडत होते, "अजून! अजून पुस! थांबू नकोस!"

पाच मिनिटांनी पिल्लाचं पोट हाताला मऊ लागलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या घरात रडणं थांबलं. फक्त पत्रा आपटत होता.

मग मी राहिलेलं धुणं भिजवायला बसले. ह्यांचे खिसे आधी तपासावे लागतात, त्यात खिळे, सुतळी, काय वाटेल ते असतं. परवाच्या शर्टात चार घड्यांचा कागद निघाला. सुवाच्य अक्षर, डॉक्टरीणबाईंचं. पाच ओळी. तिसरी ओळ: पाजताना पिल्लू पालथं ठेवा, उभं धरू नका. चौथी: प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट ओल्या फडक्यानं पोट आणि मागचा भाग पुसा, पिल्लांना आपोआप लघवी-शी होत नाही. 'होत नाही' खाली दोन रेघा.

मी कागद घेऊन गोठ्यात गेले. हे एका मेंढीचा खूर कापत होते.

"हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. "औषधाचं असेल."

"वाचलं नाहीत?"

"त्या सांगत होत्या तेव्हा... मला वाटलं, पाजायचं कसं ते मला काय सांगायचं."

"तोंडी सांगितलं? आणि लिहूनही दिलं? आणि तुम्ही खिशात घालून मला म्हणालात, आणखी काय सांगणार?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तीन गेली! दोन दिवस ती फुटायला आलेली पोटं घेऊन ओरडत होती आणि आपण वरून दूध ओततोय! अहो, तुमच्या चारशे कोकरांना नेऊन घाला खड्ड्यात!"

ह्यांनी मेंढीचा पाय सोडला. ती लंगडत गेली. एक खूर कापलेला, एक नाही. शब्दाला शब्द दिला असता तर बरं वाटलं असतं. कागद माझ्या हातातून घेतला, तिथंच उभं राहून वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी करून खिशात ठेवला. पुढचं पाजणं झालं तेव्हा मी काही म्हणायच्या आत ते फडकं घेऊन पुढं आले. ज्या बोटांनी मेंढीच्या पोटात कोकरू वळतं, ती बोटं पिल्लाचं ढुंगण पुसत होती, जिभेच्या मापानं.

पाचव्या दिवशी भुरी आली. पोट खपाटीला गेलेलं, त्यावर टाके. मला वाटलं, आता सुटले, आई आली. मी दोन्ही पिल्लं तिच्यापुढं ठेवली. तिनं हुंगलं. दवाखान्याचा वास, दुधाच्या भुकटीचा वास, मामंजींचा वास. मग त्यांना ओलांडून, लंगडत, टाक्यांसकट थेट गोठ्यात गेली आणि कोकरांच्या दारात आडवी पडली. कितीदा आणून ठेवलं, कितीदा गेली. ह्या घरात कुत्रीलासुद्धा मेंढ्यांशिवाय काही सुचत नाही. म्हणजे पाजणं आमच्याकडंच, पुसणंही आमच्याकडंच. त्या रात्रीपासून लांडगा मात्र फिरकला नाही.

तीन आठवडे हेच चाललं. डोळे उघडले. मग आपलं आपण व्हायला लागलं, माझ्या चपलेत, मामंजींच्या घोंगडीवर. मामंजी आता ओली घोंगडी आल्यागेल्याला मुद्दाम दाखवत, "पिल्लाचं आहे हो, पिल्लाचं!" हे सगळं करायचे, उठायचे, पाजायचे, पुसायचे, पण त्या तीन पिल्लांबद्दल एक अक्षर नाही. चुकलं, एवढा एक शब्द. मी वाट बघायचे, मग चिडायचे, मग वाट बघायचे. विसाव्या वर्षीही मला शहाणपण आलं नाही म्हणायचं.

एका दुपारी कुंपणवाला आला. मला वाटलं आपला तपकिरी नर मागायला आला, तर त्याच्या हातात बुटाचं खोकं. मी आत भांडी घासत होते, दार उघडं होतं.

"मेहुण्याची कुत्री गाडीखाली गेली," तो ह्यांना सांगत होता. "कालची चार पिल्लं आहेत. रडतायत. तुम्ही वाढवलीत ना, तुम्हीच सांगा बाबा आता."

आता सुरू होणार, मी मनात म्हटलं. चारशे कोकरं, मान वर, घोट सरळ. मी भांडं घासायचं थांबवलं.

खिशातून कागदाचा आवाज आला. घड्या झिजून आता कागद फडक्यासारखा झाला होता. "हे घे," हे म्हणाले. "आधी चौथी ओळ वाच."

"तुम्हाला तर पाठच असेल की."

"आता आहे." खोकं जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. "तेव्हा मी वाचलं नव्हतं. तीन माझ्या हातानं गेली. ती सांगत होती, फोन करा, पोट टरटरलंय. मी ऐकलं नाही."

मग हेच म्हणाले, "मला विचारू नकोस. आत जा, तिला विचार. तिला कळतं."

एवढं बोलायला ह्या माणसाला तीन आठवडे लागले, आणि तेही बोलला तो कुंपणवाल्याजवळ. माझ्याशी बोलायला जीभ झडली होती का? राग आला, डोळेही भरले, आणि दोन्हींचा मला वैताग आला. हात साबणाचे होते, पदरानं डोळे पुसायचीही सोय नव्हती.

मी बाहेर आले. खोक्यातलं एक उचललं. पोट टम्म, पाय ताठ, तेच रडणं. दाराशी पांढऱ्या नखांची बसली होती, तिनं कान टवकारले.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "पाणी तापवा."

ते उठले आणि पाणी तापवायला गेले.